दरबार नसलेल्या गावचं गाणं

ख्यालाच्या घराण्यांची नावं घेतली की एकेक राजधानी समोर येते. ग्वाल्हेर, जयपूर, रामपूर, पतियाळा, इंदूर. जिथे राजा किंवा नवाब होता, गवयाला तनखा आणि राहायला घर देणारं कुणी होतं, तिथे गाणं थांबलं, वाढलं आणि त्या गावाच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. आपल्याकडेही कोल्हापूर, औंध, इचलकरंजी, मिरज यांच्या आश्रयावर ख्याल जगला. वऱ्हाडाच्या वाट्याला असा दरबार आलाच नाही. १८५३ मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापसाच्या गाठी मुंबईकडे रवाना होऊ लागल्या, कचेऱ्या उभ्या राहिल्या आणि वकील आले. गवयाला पोसणारा राजवाडा कुठेच नव्हता.

अशा मुलखाच्या दक्षिण टोकाला, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा आहे. तालुक्याचं नाव केळापूर, पण सगळा कारभार पांढरकवड्यातून चालतो. गावाजवळून खुनी नदी वाहते. थोडं पुढे गेलं की तेलंगणाची हद्द लागते आणि बाजारात मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामी कानावर येते. आजूबाजूचं रान टिपेश्वर अभयारण्याचं. बाहेरच्या माणसाला हे नाव आठवतं ते वाघांमुळे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अवनी वाघिणीला गोळी घातली गेली तेव्हा देशभरच्या वाहिन्यांवर पांढरकवडा हे नाव आठवडाभर गाजत होतं. त्याआधी आणि त्यानंतरही यवतमाळ जिल्ह्याची बातमी आली की ती कापूस, कर्ज आणि शेतकऱ्याच्या आत्महत्येचीच असते. ती बातमी खोटी नाही. तिच्याकडे पाठ फिरवण्याचा माझा हेतूही नाही. पण याच गावात वाढलेल्या एका मुलाच्या गळ्यात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तीन घराणी आपापला बाज राखून नांदली, आणि आज ख्याल शिकणारी देशभरची मुलं त्याच्याकडे गुरू म्हणून पाहतात, हेही जिल्ह्याचंच सांगणं आहे. ते पुरेसं सांगितलं गेलेलं नाही.

पंडित उल्हास कशाळकर यांचा जन्म १४ जानेवारी १९५५ चा. वडील नागेश दत्तात्रेय कशाळकर पेशानं वकील. गाणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता, पण ते गात होते आणि गाण्याच्या शास्त्राचाही त्यांचा अभ्यास होता. घरातली तिन्ही मुलं, अरुण, विकास आणि धाकटे उल्हास, पहिला सा वडिलांकडेच शिकली. पुढे तिघेही गवई झाले आणि तिघेही गुरू झाले. एका वकिलाच्या घरातून, तेही तालुक्याच्या गावातून, तीन गुरू निघावेत ही गोष्ट मला एखाद्या मोठ्या पुरस्कारापेक्षा विलक्षण वाटते.

तसं पाहिलं तर वऱ्हाडात ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. राजा नसला तरी इथे वकील होते, आणि दरबाराचं थोडंबहुत काम त्यांच्या दिवाणखान्यांनी केलं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे नाव सगळ्यांना टिळकांचे सहकारी म्हणून माहीत आहे. पण १९०५ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षही तेच होते. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे वकीलच. कोर्टाची कामं आटोपल्यावर संध्याकाळी दिवाणखान्यात बैठक जमवायची, आलेल्या कीर्तनकाराला, नाटक कंपनीतल्या गायक नटाला गायला बसवायचं, अशी रीत या वर्गानं पाळली. जोडीला रेडिओ होता. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं आणि १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताची अखिल भारतीय सभा प्रसारित होऊ लागली. ज्या गावात उस्ताद कधी येणार नव्हते तिथे त्यांचा आवाज येऊ लागला. त्या पिढीच्या वऱ्हाडी रसिकांचे कान या दोन गोष्टींनी तयार झाले.

आणि या मातीला स्वतःचंही गाणं होतं. केळापूरच्या पंचक्रोशीतले परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. किंग्री वाजवत ते गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गातात. दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या वस्त्यांवर दंडार रंगते, ढेमसा चालतो. या गाण्याचा आणि ख्यालाचा संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो, कारण तसा पुरावा नाही. पण बापानं मुलाला समोर बसवून तोंडी विद्या द्यावी, मुलानं ती कंठात साठवावी आणि पुढच्याला द्यावी, ही रीत या तालुक्यात कशाळकरांच्या घराच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे.

वडिलांनंतरची पायरी नागपूर. नागपूर विद्यापीठातून उल्हासजींनी संगीताची पदव्युत्तर परीक्षा पहिल्या क्रमांकानं पार केली. त्याच काळात राजाभाऊ कोगजे आणि खर्डेनवीस यांच्याकडे त्यांचं शिक्षण चालू होतं. विद्यापीठातला पहिला नंबर हे पुष्कळांच्या बाबतीत शेवटचं स्टेशन ठरतं. पदवी मिळते, महाविद्यालयात नोकरी लागते, आणि गाणं अभ्यासक्रमाच्या चौकटीत स्थिरावतं. उल्हासजी पदवीपाशी थांबले नाहीत. मुंबईच्या बाजूला येऊन ते पुन्हा शिष्य म्हणून बसले.

तिथले पहिले गुरू ठाण्याचे पंडित राम मराठे. रामभाऊ मराठी माणसाला नाटकांमुळे ठाऊक आहेत. ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ या संगीत नाटकांत त्यांनी रंगमंच गाजवला. त्याआधी, १९३८ च्या प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’ चित्रपटात बालकृष्ण झालेला मुलगा तो हाच. पण नाटकाच्या प्रकाशात त्यांची तालीम झाकोळली गेली, असं मला नेहमी वाटतं. मिराशीबुवा, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित, विलायत हुसेन खाँ अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडून त्यांनी विद्या मिळवली होती. बंदिशींचा मोठा साठा, आवाजातला तडफदारपणा आणि लयीशी दोन हात करण्याची हौस हे त्यांचं भांडवल. रामभाऊंकडे शिकणं म्हणजे भीड मोडणं. मैफलीत आवाज कसा टाकायचा, सम कशी पकडायची, श्रोत्यांच्या डोळ्यांना डोळा कसा द्यायचा, हे पुस्तकात नसतं.

त्यानंतरचे गुरू पंडित गजाननराव जोशी, सगळ्यांचे गजाननबुवा. त्यांच्याशी मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण उल्हासजींच्या गाण्याचं कोडं बुवांपाशीच उलगडतं.

गजाननबुवांचा जन्म १९११ चा. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, औंध संस्थानचे दरबार गायक. अंतूबुवा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बाळकृष्णबुवांनी एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. विष्णु दिगंबर पलुस्कर, मिराशीबुवा आणि अंतूबुवा हे त्यांच्याच शिष्यांच्या पंगतीतले. म्हणजे ग्वाल्हेरचं गाणं गजाननबुवांना घरीच मिळालं. एवढ्यावर त्यांचं आयुष्य सुखानं गेलं असतं. पण त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून घेतलं, आग्र्यासाठी विलायत हुसेन खाँसाहेबांना गुरू केलं आणि जयपूरसाठी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांना. त्या काळी घराण्यांच्या भिंती उंच होत्या. एका घराण्याचा गंडा बांधलेल्यानं दुसऱ्याच्या दारात जाणं सहज खपत नसे. बुवांनी ते केलं, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून शिकायची तयारी ठेवून केलं. तालासाठी विनायकराव घांग्रेकरांकडे गेले. व्हायोलिन तर स्वतःच्या कष्टानं आत्मसात केलं आणि त्या परदेशी वाद्यातून ख्याल बोलता केला. हिंदुस्थानी व्हायोलिनच्या सुरुवातीच्या थोर वादकांत त्यांचं नाव घेतलं जातं. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आकाशवाणीतही त्यांनी बरीच वर्षं काम केलं.

एवढं करून बुवांच्या नावाचा गाजावाजा त्यांच्या योग्यतेच्या मानानं थोडाच झाला. त्यांची खरी कमाई शिष्यांत आहे. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर, संगीताचे थोर अभ्यासक अशोक दा. रानडे, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर, आणि हे तिघे कशाळकर. यांतला कुणीही दुसऱ्यासारखा नाही. मला गुरुपणाची ही सगळ्यात पक्की खूण वाटते.

पांढरकवड्याच्या उल्हासला बुवांकडे मिळालं ते बंदिशींच्या साठ्याहून मोठं होतं. तीन घराणी तीन वेगवेगळ्या शिस्ती म्हणून कशी सांभाळायची, ही दृष्टी त्यांना मिळाली. हे सोपं करून सांगायला हवं, कारण ‘तीन घराण्यांचा संगम’ असं वाक्य निवेदक दरवेळी म्हणतात आणि त्यातून अर्थबोध काहीच होत नाही.

ग्वाल्हेरचा गवई बंदिशीला दैवत मानतो. अस्ताई आणि अंतरा आधी पूर्ण म्हणायचा, रागाचा चेहरा श्रोत्यांपुढे स्पष्ट ठेवायचा, आणि मग बहलावे, बोलआलाप, बोलताना, सरळ सपाट ताना अशी एकेक अंगं उलगडत जायचं. आवाज मोकळा, आकार खुला. ताल बहुधा तिलवाडा किंवा झुमरा. आग्र्याचं मूळ धृपदाकडे जातं. तिथे ख्यालाआधी नोमतोमचा आलाप येतो, शब्दांना तालाशी खेळवलं जातं, बोलबाटीत एकेक अक्षर मात्रेवर आपटून, चुकवून, फिरवून समेवर आणलं जातं. आवाजाला धार हवी, छातीत दम हवा. जयपूरची वाट तिसरी. विलंबित तीनतालात, मात्रेच्या पोटातल्या अर्ध्या मात्रेचंही भान ठेवत, स्वरांची अखंड वीण घातली जाते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये सांधा दिसत नाही. तान सरळ जात नाही, वळणं घेते. अल्लादिया खाँसाहेबांनी अनवट आणि जोडराग या घराण्याच्या स्वाधीन केले. बसंती केदार, संपूर्ण मालकंस, खोकर, रायसा कानडा. हे राग गायचे तर दोन रागांच्या मधल्या बारीक रेषेवर सतत चालावं लागतं. जरा तोल गेला की एकच राग उरतो.

या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला येणं दुर्मीळ आहे, पण त्याहून अवघड आहे त्या एकमेकींत सांडू न देणं. उल्हासजी काही ठिकाणी आग्र्याचे होतात, काही ठिकाणी जयपूरचे. कुठे काय व्हायचं हे राग आणि बंदिश ठरवतात. बिहाग किंवा यमनातला ग्वाल्हेरचा विलंबित ख्याल ते घेतात तेव्हा तिलवाड्याच्या सोळा मात्रा तबल्यावर सावकाश चालत असतात, आणि गायकाला कसलीही घाई नसते. मुखडा दरवेळी थोड्या वेगळ्या बाजूनं समेला येतो. नट बिहाग काढला की तोच गळा खणखणीत होतो, बोल मात्रांवर उड्या घेऊ लागतात. आणि बसंती केदारात त्या उड्या पार मावळतात. बसंत कुठे संपला आणि केदार कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मी जाणकार श्रोत्यांना एकाच मैफलीत या बदलानं थक्क होताना पाहिलं आहे. माझ्या मते आजच्या पिढीत असं दुसरं उदाहरण नाही. हे विधान मोठं आहे याची मला जाणीव आहे आणि ते मी पूर्ण विचारानं करतो.

लयीबद्दल आणखी थोडं. आजकालच्या मैफलींत विलंबित इतकं मंद झालं आहे की तबलजी केवळ मात्रा मोजणारा उरतो, आणि गायक आलापात ताल विसरतो. गजाननबुवांच्या तालमीत असं चालत नसे. लय चालती हवी, तिच्या आत गाणं हवं. पंडित सुरेश तळवलकर तबल्याला बसले की उल्हासजींच्या गाण्यातला हा संस्कार विशेष उजळतो. तळवलकर हेही विनायकराव घांग्रेकरांचे शिष्य आणि गजाननबुवांच्या विचारांच्या छायेत वाढलेले. म्हणजे गायक आणि तबलजी दोघेही एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले. त्यांच्या जोडीच्या मैफलीत साथ आणि गाणं असे दोन भाग पडत नाहीत. तबलजी ठेका भरतो तो ऐकूनच गायकाला पुढची जागा सुचते, आणि गायकानं ती घेतली की ठेक्यात तिचं उत्तर येतं.

इथे एक दूरची गोष्ट सांगायची आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात ग्रानादेया नावाचं ऑलिव्हच्या बागांमधलं छोटं गाव आहे. १८८६ मध्ये तिथे एमिली पुजोल जन्मला. लहानपणी तो बार्सिलोनाला आला आणि गिटारवादनाचा युगप्रवर्तक समजला जाणारा फ्रान्सिस्को तारेगा याचा शिष्य झाला. तारेगानं गिटारला गंभीर वाद्य म्हणून पुन्हा उभं केलं, पण आपल्या शिकवणीचा ग्रंथ मात्र लिहिला नाही. त्याचं सगळं शिष्यांच्या बोटांत होतं. १९०९ मध्ये तारेगा गेला. पुजोलनं मग गुरूची पद्धत कागदावर आणायचं काम अंगावर घेतलं. ‘एस्कुएला रासोनादा दे ला गितारा’ हा त्याचा कित्येक खंडांचा ग्रंथ, पहिला खंड १९३४ चा. पॅरिसच्या एका संग्रहालयात १९३६ मध्ये त्याला विहुएला हे सोळाव्या शतकातलं विस्मृतीत गेलेलं स्पॅनिश तंतुवाद्य सापडलं, आणि त्या काळच्या संगीताच्या आवृत्त्या सिद्ध करण्यात त्याची पुढची अनेक वर्षं गेली. १९४६ पासून दोन दशकांहून अधिक काळ तो लिस्बनच्या संगीत विद्यालयात शिकवत होता. म्हातारपणी सेर्वेरा या कॅटलन गावात दर उन्हाळ्यात त्याचे वर्ग भरायचे आणि जगभरचे तरुण तिथे जमायचे. १९८० मध्ये तो वारला. आंद्रेस सेगोविया हा त्याचा समकालीन, आणि जगाला नाव माहीत आहे ते सेगोवियाचं. पण तारेगाच्या हाताखाली नेमकं काय शिकवलं जायचं हे आज समजून घ्यायचं तर पुजोलकडेच जावं लागतं.

ही गोष्ट आठवायचं कारण असं की गजाननबुवांनीही आपल्या शिकवणुकीचा असा सांगोपांग ग्रंथ मागे ठेवला नाही. त्यांच्याकडे तीन घराण्यांतून आलेलं जे होतं ते शिष्यांच्या गळ्यात गेलं. ख्यालासाठी हे स्वाभाविकच आहे. मींड कागदावर उतरत नाही, आणि भुर्जी खाँसाहेबांच्या घरातली एखादी तान स्वरलिपीत लिहिली तरी ती लिहिलेल्यासारखी गायली की मरते. म्हणून इथे ग्रंथाचं काम शिष्याला करावं लागतं, आणि ते त्याला रोज, जिवंत माणसांसमोर बसून करावं लागतं. १९८७ मध्ये बुवा गेले. त्यानंतर उल्हासजींच्या आयुष्याला जे वळण मिळालं ते याच कामाचं होतं.

मधली काही वर्षं ते आकाशवाणीत कार्यक्रम अधिकारी होते. नोकरी सुरक्षित होती, मैफलीही चालू होत्या. १९९३ मध्ये ते कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून रुजू झाले. टॉलीगंजमधल्या या अकादमीची स्थापना सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस झाली, पंडित विजय किचलू यांच्या पुढाकारानं. कल्पना अशी की राजांचा आश्रय संपला, मग गुरूनं निर्धास्तपणे शिकवावं आणि शिष्यानं पोटाची चिंता न करता शिकावं अशी जागा एखाद्या उद्योगसमूहानं उभी करावी. गुरू आवारातच राहतात, निवडक शिष्यांना शिष्यवृत्ती मिळते, आणि सकाळ-संध्याकाळ समोर बसून तालीम होते. निसार हुसेन खाँ, गिरिजादेवी, आपले निवृत्तीबुवा सरनाईक अशा थोरांनी तिथे शिकवलं. राशीद खाँ तिथेच घडले.

पांढरकवड्यापासून पाहिलं तर या घटनेचा अर्थ वेगळाच लागतो. ज्या मुलखाला दरबार मिळाला नाही तिथला गवई विसाव्या शतकाच्या अखेरीस एका नव्या प्रकारच्या दरबारात जाऊन बसला. तिथे त्याच्याकडून फर्माईश नको होती. त्यानं शिकवावं एवढीच अपेक्षा होती. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, म्हणजे गवयाची मैफल ऐन भरात येते त्या वयात, दिवसाचे कित्येक तास दुसऱ्याच्या गळ्यासाठी द्यायचे, हा निर्णय हलका नाही. मुंबई-पुण्याच्या मैफलींच्या वर्तुळापासून दूर, भाषा वेगळी, खाणं वेगळं. पण बंगाली श्रोत्याला ख्यालाची भूक आहे, आणि तिथल्या शांततेत उल्हासजींचं गाणं अधिक आत गेलं, असं त्या काळातली ध्वनिमुद्रणं ऐकताना जाणवतं. रोज शिकवणाऱ्याला आपल्या विद्येतली प्रत्येक गाठ सोडवून दाखवावी लागते. स्वतः गाताना जिथून सहज निघून जाता येतं, तिथे शिष्य अडतो, आणि मग गुरूलाही थांबावं लागतं.

त्यांच्या तालमीतून आलेल्यांत ओंकार दादरकर आहेत. मुंबईचा हा तरुण कोलकात्याला गेला आणि पुढे त्याच अकादमीत गुरू झाला. शशांक मक्तेदार गोव्यात शिकवतात. सांगलीच्या मंजूषा कुलकर्णी-पाटील आधी काणेबुवांकडे शिकल्या आणि नंतर उल्हासजींकडे आल्या. चिरंजीव समीहन यांनीही वडिलांकडे तालीम घेतली आणि तेही मैफली करतात. यांपैकी कुणाचंही गाणं ऐका, ते उल्हास कशाळकरांची नक्कल वाटणार नाही. दादरकरांचा आवाज आणि त्याचा लगाव वेगळा, मंजूषाताईंचा पिंड वेगळा. सारखं असतं ते शुद्ध मुद्रा, रागाबद्दलचा कडक प्रामाणिकपणा आणि चालती लय. गजाननबुवांच्या शिष्यांबद्दल जे म्हटलं तेच इथे पुन्हा घडलेलं दिसतं.

मानसन्मान आले. २००८ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री, २०१७ चा तानसेन सन्मान. ग्वाल्हेरच्या मातीत तानसेनाच्या समाधीपाशी होणाऱ्या समारोहाचा सन्मान बाळकृष्णबुवांच्या परंपरेतल्या वऱ्हाडी गवयाला मिळणं, हे त्यातलं मला सगळ्यात योग्य वाटतं.

थोरल्या भावांबद्दल लिहायला हवं, नाहीतर हे घर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. अरुण कशाळकरांचा जन्म १९४३ चा, म्हणजे उल्हासजींपेक्षा बारा वर्षांनी मोठे. राम मराठे आणि गजाननबुवांनंतर त्यांनी आग्र्याचे बबनराव हळदणकर यांना गुरू केलं. हळदणकर ‘रसपिया’ या नावानं बंदिशी बांधत, अरुणजींनी ‘रसदास’ हे नाव घेतलं. त्यांच्या बंदिशी तरुण गायकांच्या तोंडी ऐकायला मिळतात. विकास कशाळकर पुण्यात राहून गातात, शिकवतात आणि संगीतावर लिहितात. आणि त्यांच्या गुरुघराचा औंधचा उत्सव आहे. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंधला संगीत महोत्सव सुरू केला. गजाननबुवांनी तो पुढे नेला, आणि बुवांच्या पश्चात त्यांच्या शिष्यपरिवारानं तो चालू ठेवला. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत सातारा जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात देशभरचे गायक-वादक येतात. संस्थान विलीन झालं, उत्सव मात्र चालूच राहिला.

औंधकडे पाहिलं की पांढरकवडा डोळ्यांपुढे येतो. यवतमाळ जिल्ह्यानं मोठे समारंभ केले नाहीत असं नाही. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलनं भरली. मांडव टाकण्याची ताकद जिल्ह्यात आहे. मग केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यात, नागेश कशाळकर वकिलांच्या नावानं दरवर्षी एक रात्र गाण्याची का होऊ नये? औंधला सुरुवातीला ना मोठं सभागृह होतं ना मानधनाची थैली. एक मंदिर होतं आणि गुरूचं स्मरण होतं. इथे सुरुवातीला परधानांची किंग्री व्हावी, मग ढेमसा, आणि रात्र चढली की ख्याल. तिघा भावांच्या शिष्यांपैकी कुणालाही बोलावलं तर येईल. दुसरं काम अधिक निकडीचं आहे. गजाननबुवांकडून आलेल्या बंदिशी कोणत्या घराण्याच्या, कुणाकडून आलेल्या, त्यांचा मुखडा कसा घ्यायचा, हे सगळं तिघा भावांच्या तोंडून, त्यांच्याच आवाजात, सविस्तर ध्वनिमुद्रित करून जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात सगळ्यांना ऐकता येईल असं ठेवायला हवं. अमरावती विद्यापीठाला हे जमण्यासारखं आहे, जिल्ह्यातल्या रसिकांनी वर्गणी काढली तरी जमण्यासारखं आहे. अरुणजींनी ऐंशी ओलांडली आहे. हे काम या हिवाळ्यातच सुरू व्हावं.